पितृपक्षातली गाडी

दत्ताकाका आज सकाळी गेले. पितृपक्षात.

मी पुण्याहून पोचले तेव्हा अंगणात कोणीतरी बोलत होतं, "पितृपक्षात गाडी आणलीन, पितृपक्षातच गेला."

म्हणून हे लिहितेय. एरवी मी इथे फारसं लिहीत नाही.

काका रोह्याजवळच्या वरसे गावातले आमचे शेजारी. मूळचे निडीचे, भातशेतीच्या घरातले. पेणला चारचाकी गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन म्हणून लागले आणि पुढे त्याच शोरूमची रोह्याची ब्रांच त्यांनी उभी केली.

त्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते. आमची गाडी कुठल्या देशात कधी आणि किती विकली जाते, त्याचे आलेख मी काढते.

गाडी एकच असते. पण ब्रिटनमध्ये नंबरप्लेटची नवी मालिका सुरू होते त्या महिन्यात विक्री उसळते. जपानमध्ये आर्थिक वर्ष संपताना. चीनमध्ये त्यांच्या नववर्षाच्या आधी.

आपल्याकडे दसऱ्याला डोंगर. त्याच्या आधी पितृपक्षाचा खड्डा.

गेल्या वर्षी अधिक महिना होता. पितृपक्ष सरकून ऑक्टोबरात आला. त्याच्या आदल्या वर्षी त्याच तारखांना दसऱ्याची गर्दी होती. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या तर भारत कोसळल्यासारखा दिसत होता.

आणि परदेशातल्या हेडऑफिसचा नवा नियम आला होता, सगळ्या देशांना सारखा. सलग दोन आठवडे एकही डिलिव्हरी नाही, तर ती लहान ब्रांच बंद.

काकांचा फोन आला.

"काय गो, तुझ्या साहेबांना पितृपक्ष ठाव नाय काय?"

"मी लिहून कळवलंय, काका. पण शनिवारपर्यंत एक तरी डिलिव्हरी दाखवा."

"बुकिंगा हायत की! घटस्थापनेला, दसऱ्याला. पण आज चावी कोण घेतोय? बेकरीवाल्या चाचांनी घेतली असती, तर त्यांची गेल्याच महिन्यात दिली. आता कोणाला धरू?"

मी फोन कानाला धरून नियमाचा मेल पुन्हा वाचत होते.

"ब्रांच गेली तर इथली पोरं कुठं जातील? पेणला यांना कोण घेणार नाय."

शनिवारी त्यांनी स्वतःच्याच नावावर गाडी घेतली. लोन काढून.

ज्या माणसाने शेकडो गाड्यांना हार घातले, रिबिनी लावल्या, फोटो काढले, त्याची स्वतःची गाडी हाराशिवाय, नारळाशिवाय घरी आली.

काकू ओटीवर बसल्या होत्या.

"पितरांच्या दिवसांत दारात आणलीत?"

"अगो, नुसती उभी करतोय."

काकू उठून आत गेल्या. ओवाळलं नाही.

सोमवारी हेडऑफिसबरोबर कॉल होता. मी आलेख दाखवला आणि सांगितलं, या पंधरवड्यात आमचे लोक गाडी घरी आणत नाहीत. मागणी आहे, दसऱ्याला दिसेल.

समोरच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा एक ठिपका मोठा केला.

"कोणीच घेत नाही म्हणता. मग रोह्यात एक कशी गेली?"

अख्ख्या देशासाठी मी मांडलेल्या मुद्द्याला काकांची एक गाडी आडवी आली होती.

"घेणारा कोण?"

"ब्रांचचा मॅनेजर."

त्यांच्या देशात महिनाअखेरीला डीलर स्वतःच्या नावावर गाड्या चढवतात आणि पुढे जुन्या म्हणून विकतात. तशी गाडी मोजली जात नाही. खोटं बोलून उपयोग नव्हता, कागदावर नाव होतंच.

"म्हणजे ही पुढे विकली जाणार."

"नाही. या दिवसांत नोंदलेली गाडी आमच्याकडे दुसरा कोणी सहजी घेणार नाही. ती त्यांच्याच दारात राहील. हे माहीत असूनच त्यांनी सही केलीय."

हेडऑफिसच्या लोकांनी कॉलवरचा आपला आवाज बंद केला. स्क्रीनवर नुसते ओठ हलत होते. मी पेनाचं टोपण लावत आणि काढत होते.

मग आवाज आला. "ही मोजा. आणि पुढच्या वर्षीपासून आलेखावर तुमचं पंचांगही टाका."

मी लगेच काकांना फोन लावला. "ब्रांच राहिली."

"राहिली? बरा झाला. ठेव गो आता, गिऱ्हाईक आलाय."

"पितृपक्षात?"

"बघाय आलाय. बघाय काय जातंय?"

काकू मात्र त्या गाडीत बसल्या नाहीत. दसऱ्याला काकांच्या जुन्या स्कूटरला त्यांनी हार घातला. गाडीला नाही. लग्नाकार्याला जायचं तरी एसटीने जायच्या. काका मागून गाडी घेऊन यायचे आणि मांडवात सगळ्यांना सांगायचे, "आमची मॅडम पुढच्या गाडीने आली."

आज सकाळी त्या पहिल्यांदा बसल्या. मागच्या सीटवर, काकांचं डोकं मांडीवर घेऊन. माझे बाबा धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून नुकतेच आले होते, त्यांनी दवाखान्यापर्यंत चालवली.

डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलंय. कारण तेवढंच आहे.

हे मी अंगणात सांगणार होते. त्याआधीच काकू दारात आल्या. मला वाटलं, आता त्याही तेच बोलणार.

"गाडी वेळेत पोचली," त्या म्हणाल्या. "यांचा श्वास नाय पोचला. गाडीला कोण बोलू नका."



मग त्यांनी फाटकाकडे बघितलं. "ब्रांचची पोरं कवाधरना उभी हायत. त्यांना पाणी द्या कोणतरी."

सगळी आली होती. अंगावर कंपनीचे शर्ट तसेच होते.

काका, आज ब्रांच बंद आहे, रोह्याच्या रेषेवर शून्य येईल. हेडऑफिसने विचारलं तर या वेळीही कारण मीच सांगेन.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.