चव्हाट्यावर मागितलेली पोर

सासरच्यांनी घराबाहेर काढल्यापासून माझी धाकटी बहीण यशोदा सोलापुरात आमच्याकडेच होती. तिची चार वर्षांची सोनी मात्र तिकडेच राहिली. "दादा, येकदा पोरीला मागून तरी बगू," असं ती रोज म्हणे. शेवटी शाळेतून रजा काढली आणि तिला घेऊन निघालो.

त्या बाजूला जाणाऱ्यांनी सकाळची आगगाडीच धरावी. माढ्याला उतरलं की पुढे बैलगाडी. रस्ता नावापुरता, चाकं फुफाट्यात रुततात आणि सावली औषधालाही नाही. भाकरी नि शेंगांची चटणी आम्ही बरोबर नेली होती. यशोदेने तुकडाही मोडला नाही.

गाव दिसल्यावर मी गाडीवानाला म्हटलं, "चौकात सोडा."

"चौक तुमच्या शहरात, मास्तर. हितं चव्हाटा. चार वाटा मिळत्यात, अन् घरात मिटलं न्हाय ते समदं हितंच येतं."

वर्गात मी या शब्दाचा पहिला अर्थ तेवढा शिकवत आलो होतो.

यशोदेच्या सासऱ्यांनी आम्हाला उंबराही ओलांडू दिला नाही. "काय बोलायचं ते चव्हाट्यावर!"

लिंबाच्या पारावर पंच बसले. भोवती गाव जमलं. यशोदेचा नवरा मोठ्यानं म्हणाला, "हिची चाल बरी न्हाय." मी ताडकन उठलो, तर यशोदेने हात धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"मला नांदायचं न्हाय. ह्यांनी मला गुरासारकं मारलंय. माजी पोर तेवडी द्या."

बायकांच्या घोळक्यातून शेजारची म्हातारी बोलली, "व्हय, खरं हाय. भिंतीआडून आमी ऐकत व्हतो की."

"बायकांनी मदी बोलू नगा," पंच खेकसले. मग निकाल दिला, "पोर बापाची. हितंच ऱ्हाईल."

सोनी आजीच्या कडेवर होती. आईने हात पुढे करताच तिने आजीच्या खांद्यात तोंड लपवलं.

घरी परतल्यावर माझी बायको हळहळली, "वन्सं, चव्हाट्यावर जायला नको होतं. होती नव्हती ती अब्रू गेली."

यशोदा पाय धूत होती. मान वर न करता म्हणाली, "घरात मार खात व्हते तवा कुटं व्हती अब्रू? आता सोनी मोटी झाली की अक्खा गाव तिला सांगंल, तुजी आई तुला मागाय आली व्हती."

त्या भरवशावर ती दिवस काढते आहे. मी मात्र त्या पारापुढची माणसं पाहिली आहेत. पंच खेकसल्याबरोबर ती म्हातारीसुद्धा गप्प बसली होती.