ज्वारीच्या कोठीतली बाटली

सुजात, मैत्री, ही गोष्ट आजवर फक्त दोन माणसांना ठाऊक होती. त्यातले एक तुमचे आजोबा. ते गेले. आता ती एकट्या माझ्याजवळ आहे, आणि ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही.

परवा फोनवर मैत्री, तू म्हणालीस, "आजोबांनी दारू जमेल तेवढी सोडलीच होती ना गं आजी." प्रेमानंच म्हणालीस. मी "हो" म्हणाले, आणि फोन ठेवून हा कागद पुढ्यात ओढला. जमेल तेवढी — हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? मी घातलं. कसं, ते सांगते. पण जरा मागून सुरुवात करावी लागेल. थेट सांगायचं धैर्य असतं तर आधीच सांगितलं असतं.

तुमचे आजोबा तरुणपणी प्यायचे. कळंबला त्यांचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. संध्याकाळी शटर ओढलं की पाय घराकडे वळायचे नाहीत. मग एके दिवशी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी पंचशील म्हटलं आणि पाचवं शील, मद्य न घेण्याचं, खरोखर मनावर घेतलं. सुटली ती सुटली. पुढं दर रविवारी ते विहारात बसायचे आणि पिणाऱ्या तरुणांना स्वतःचीच फजिती रंगवून सांगायचे. "नालीत पडलो हुतो, तर डुकरानं बी वळख दिली न्हाय मला." पोरं हसायची, आणि हसता हसता एखादा सुटायचा. तुम्हा दोघांना मात्र हे जुनं काहीच सांगितलेलं नव्हतं.

म्हणून सुजात, ती बाटली आणलीस यात तुझी चूक नाही. इंग्लंडमध्ये तू घरीच बियर करायला शिकला होतास. पुण्याच्या मित्रासाठी आणलेली बाटली द्यायची राहून गेली, तेव्हा तू ती गुपचूप माझ्या हातात ठेवलीस. म्हणालास, "आजी, ही ओल्ड एल, बियरचाच प्रकार. कडक असते. लोणच्यासारखी मुरते. पुढच्या खेपेला उघडू, तू नुसता वास घेऊन सांग कशी झालीय." मी ती तुझ्यासमोरच ज्वारीच्या कोठीत खोल पुरली. तारेच्या कडीचं झाकण, जाड काळी काच.

ती मी का उघडली? जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. धड्यात एल आली की "एक प्रकारची दारू" म्हणून पुढं जायची. ठाऊक काय होतं मला? पण हे कारण सोयीचं आहे. खरं कारण वेगळं. इतकी वर्षं ज्या वासाजवळ मी झोपले, त्यात असं काय होतं की या माणसाला आम्ही कमी पडलो — ते मला बघायचं होतं. घाणच असणार याची खात्री होती.

रविवारी ते विहारात गेल्यावर स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली. रंग काकवीसारखा. पेला खिडकीशी तिरका धरला तर कडेला तांबूस झाक. तपकिरी फेस आला आणि लगेच बसला. वास घेतला आणि मी थबकले. तू बाळ असताना, सुजात, गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, तव्यावर भाजून मी तुझ्यासाठी माल्ट करायची. तोच वास. मग घोट घेतला. आधी काकवी, मग खारीक, मग भाकरीचा करपलेला पापुद्रा. गिळल्यावर छातीत ऊब उतरली, आणि सगळ्यात शेवटी मेथीदाण्याचा कडूपणा, जिभेच्या मागच्या बाजूला.

घाण नव्हती. हेच मला सोसवलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा घेतली. फेस नव्हता, गोडी जास्त वाटली. त्याच्या पुढच्या रविवारी आंबिलीसारखी किंचित आंबट. पेपर तपासावा तशी मी ती तपासत होते, म्हणजे तसं मनाला सांगत होते. बाटली संपली. विसळून, कडी लावून, परत ज्वारीत पुरली. मी व्यवस्थित बाई आहे ना.

तुम्ही सगळे आलात तो दिवस तुम्हाला आठवतच असेल. पानं वाढलेली. सुजात, तू हसत कोठीत कोपरापर्यंत हात घातलास आणि बाटली वर काढलीस. हलकी. तुझं हसू तिथंच थांबलं. तुमच्या बाबांनी ताट पुढं सरकवलं आणि आजोबांकडे बघून विचारलं, "दादा, परत सुरू केली का?"

आजोबा भाकरी मोडत होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तो वास त्यांच्यापासून कुठला लपतोय? त्यांना केव्हाच कळलं असणार. मग ते म्हणाले, "व्हय. म्याच पिली."

मी चुलीपुढं होते. तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा उलटली. ती करपेपर्यंत उलटत राहिले. मी बोलले नाही.

"मग विहारात पोरांना काय सांगता तुम्ही?" बाबांनी विचारलं. आजोबांनी ताटातच हात धुतला. त्यानंतर एकाही रविवारी ते विहारात गेले नाहीत. पोरं बोलवायला यायची. "पाय दुखतोय रे," म्हणून ते त्यांना दारातूनच परत पाठवायचे. पाय दुखत नव्हता.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण बाबा मला फोनवर हळूच विचारायचे, "आई, दादा घेत नाहीत ना?" आणि मी म्हणायची, "सध्या नाही." सध्या! जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला त्या एका शब्दाचं वजन कळत नव्हतं? कळत होतं. त्या शब्दाच्या आड मी सुरक्षित होते.

आजारपणात एका दुपारी ते खाटेवर पडून होते. मी औषधाच्या गोळ्या काढत होते. मला ते चेष्टेनं मास्तरीणबाई म्हणायचे. म्हणाले, "मास्तरीणबाई, कशी लागली वो?"

रागानं नाही. डोळ्यांत जराशी मजा होती. घरात दोघंच होतो. बाहेर कुणी ऐकणारं नव्हतं. मी म्हणाले, "काय कशी लागली?"

ते थोडं हसले. "काय न्हाय," म्हणाले, आणि कुशीवर वळले. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात गेले.

तुमच्या आजोबांनी विहारात शब्द दिला, त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. जमेल तेवढी नव्हे. पूर्ण. त्यांनी एकच शील मोडलं, खोटं न बोलण्याचं, आणि तेही माझ्यासाठी. हाच कागद मी तुमच्या बाबांनाही पाठवते आहे.

आणि सुजात, तू विचारलं होतंस. आजोबांनीही विचारलं होतं.

चांगली होती. फार चांगली होती.