अण्णाच्या दोन ओळी

अण्णाच्या हातात कात्री असली की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या द्राक्षबागेतला कायदाच होता. तो माझा थोरला भाऊ. एरवी माझी थट्टा करायची एकही संधी सोडायचा नाही, पण वेलीपुढे उभा राहिला की तोंडाला कुलूप. काडीवरचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, अंगठ्यानं चाचपायचा आणि खटकन कापायचा. दिंडोरीच्या आसपासचे बागाईतदार त्याला मुद्दाम बाग दाखवायला न्यायचे. मजुरांना तो एवढंच सांगायचा, "घाई आसंल त्यानं घरी बसावं." आणि मला, "बाळू, तू फवारणीच बघ." मला राग यायचा, पण त्याचं खरं होतं. माझा हात कच्चा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एकदा नाशिकहून परतताना त्याच्या मोटारसायकलला कुत्रं आडवं आलं. हेल्मेट तेव्हा आमच्याकडे कोण घालत होतं? डोकं रस्त्यावर आपटलं. तीन आठवडे तो शुद्धीवर नव्हता. घरी आला तेव्हा आम्ही त्याला ओवाळून आत घेतलं, पेढे वाटले. टाके केसांखाली गेले आणि जो तो म्हणू लागला, "अण्णा बरे झाले की!"

बरा कुठला? चहा हा शब्द त्याला सापडायचा नाही, "ते गरम दे" म्हणायचा. पंप सुरू झाला की कान दाबून खाली बसायचा. भाजी करपली तरी त्याला वास येत नसे. ज्यानं जन्मात आवाज चढवला नव्हता, तो वहिनींच्या अंगावर ताट भिरकावू लागला. तासाभरानं स्वतःच विचारायचा, "ताट कुणी सांडलं?" वहिनी म्हणायच्या, "मांजरानं." आमच्याकडे मांजर नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काम हळूहळू द्या. अण्णाचाही तोच धोशा होता, "मला बागंत जाऊ दे." अपघातानंतरच्या ऑक्टोबरात मी त्याला छाटायला दोन ओळी दिल्या आणि फवारणीचं औषध कालवायला गेलो. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये काडी अगदी एका डोळ्यावर आणायची. ऑक्टोबरात मात्र सहा-सात डोळे राखायचे, कारण घड तिथेच येतात. मी परत आलो तर दोन्ही ओळी बोडक्या. प्रत्येक काडी एका डोळ्यावर, एकसारखी, सुरेख कापलेली. हात तोच होता, महिना चुकला होता.

मी पेठ तालुक्यातून छाटणीला आलेल्या सगळ्या मजुरांदेखत ओरडलो, "एप्रिल हाय का आत्ता? डोकं हाय का ठिकाणावर?"

तो कात्रीकडे बघत राहिला. "मंग मला सांगायचं नाय का रे," एवढंच म्हणाला. कात्री खाली ठेवली आणि घरी गेला. त्यानंतर वर्षभर त्यानं बागेत पाऊल टाकलं नाही. ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दोन ओळींची द्राक्षं गेली, ती मी कधीच विसरलो. ते ओरडणं मला अजून विसरता येत नाही.

मार्ग वहिनींनी काढला. पुढच्या ऑक्टोबरात त्या चुन्याची डबी घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्ही म्होरं चाला. कापायचं तिथं चुन्याचं बोट लावा. मी ह्यांना घेऊन येते." त्यांनी त्याला हाताला धरून आणलं. अण्णानं कात्री उचलली आणि तो पांढऱ्या खुणेवर कापू लागला. दोन वेलींनंतर दमायचा, बांधावर बसायचा, पुन्हा उठायचा. ज्या मला त्यानं कधी कात्रीला हात लावू दिला नाही, तो मी आता त्याला जागा दाखवत होतो. मला शरम वाटायची.

तिसऱ्या दिवशी एका खुणेपाशी तो थबकला. कापेचना.

"काप की अण्णा. खूण केलीय."

"ह्यो मेलाय," तो म्हणाला. "फुडचा धर."

मी वाकून पाहिलं. डोळा खरंच वाळलेला होता. मी न बघताच चुना फासला होता. अण्णानं पुढच्या डोळ्यावर कापलं. माझा अण्णा परत आला, असं वाटून माझे डोळे भरले. वहिनींना हाक मारणार, तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"बाळू, आत्ता कंची छाटणी चाललीय रे?"

"ऑक्टोबरची, अण्णा."

पुढच्या वेलीशी त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तो गेला त्या वर्षापर्यंत, दर छाटणीला, दर वेलीपाशी तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिलो. आवाज न चढवता.