भोक बुजवून जायचं!

जमिनीत पाडलेली बहुतेक भोकं फुकट जातात. किस्सा मात्र प्रत्येक भोकातून निघतोच! लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा आमची खनिज शोधणारी टोळी उदगीरकडच्या एका गावात मुक्कामाला होती. हातात बॉक्साइट शोधायचं लायसन, डोक्यावर दुष्काळ. बॉक्साइट सापडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे प्रमुख साळवे साहेब नियमाला एकदम पक्के. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला नोटीस, नुकसान झालं तर भरपाई, आणि निघताना प्रत्येक भोक बुजवून जायचं. ड्रिलर गफूरभाई म्हणायचे, "साहेब, तुमी तर चहा प्यायच्या आधीबी नोटीस देताल!"

*

पहिली नोटीस पारूबाईंना. विधवा बाई, माळावरचं शेत एकटीनं कसायच्या.

"सोनं निघालं तर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आम्हाला फक्त शोधायचा हक्क आहे, बाई. काढायचं असेल तर सरकारकडून वेगळा खाणपट्टा घ्यावा लागतो," साहेब म्हणाले.

पारूबाईंनी पदर सारखा केला. "म्हंजे नुस्ती पोरगी बघायची, लगीन न्हाई करायचं! असल्या पाव्हण्यांना आमच्यात पोहे बी देत न्हाईत!"

त्या दिवशी आम्हाला चहासुद्धा मिळाला नाही.

*

मशीन लावलं आणि तलाठी धावत आले. लायसनवर उस्मानाबाद जिल्हा, गाव तर आता लातुरात! साहेबांनी तिथल्या तिथं काम थांबवलं. नवं पत्र येईपर्यंत आम्ही पारावर पत्ते खेळत बसलो.

पारावरचे एक आजोबा म्हणाले, "गाव हितंच हाय, म्हसरं हितंच हायती. जिल्हाच तेवढा निघून गेला. त्यालाबी पाणी मिळालं नसंल!"

*

काम पुन्हा सुरू झालं, तर आमच्या खुणेच्या खुंट्या जाग्यावर नाहीत! गावकऱ्यांनी पाणाड्या आणला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला, तिथं आमच्या खुंट्या. वर हळदकुंकू!

साहेब भडकले. "आम्ही पाणी शोधायला आलेलो नाही!"

"आमी कुटं म्हनलो?" सरपंच म्हणाले. "तुमी तुमचं शोधा. मधी पानी लागलं तर आमाला सांगा."

साहेबांनी खुंट्या परत आपल्या जागी ठोकल्या. पाणाड्याच्या एकाही जागी भोक पाडलं नाही.

*

आणि पाणी लागलं! पारूबाईंच्या शेतात, साहेबांच्याच खुंटीवर. पाणाड्या गाव सोडून पाहुण्यांकडे निघून गेला.

पण साहेबांचा चेहरा पडला. खनिज नाही म्हणजे मुक्काम हलवायचा, आणि त्याआधी भोक बुजवायचं. गफूरभाईंनी सिमेंट कालवायला घेतलं, तशा गावातल्या बाया घागरी घेऊन भोकाभोवती बसल्या. प्यायचं पाणी त्या कोसभरावरून आणत होत्या.

"कायदा आहे, बाई. भोक उघडं ठेवून गेलो तर लायसन जाईल."

"मंग जाऊ नका," पारूबाई म्हणाल्या. "ऱ्हावा हितंच!"

मी साहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, एक भोक राहिलं तर कोण बघतंय? साहेब म्हणाले, "माझ्या आज्याला या गावच्या चावडीसारख्याच चावडीबाहेर उभं करायचे. मला खुर्ची मिळाली ती कायद्यानं. तो मी मोडू?" मला फार वाईट वाटलं. बायांचं बघवत नव्हतं आणि साहेबांचंही.

साहेब त्या बायांत जाऊन बसले. मग सरपंचांना म्हणाले, "शाळेजवळचा हातपंप कोरडाय ना? उपटून आणा."

*

खनिज खात्याचे निरीक्षक तपासणीला आले, तेव्हा पारूबाईंच्या शेतात हातपंप होता आणि घागरींची रांग होती. भर उन्हात चालून निरीक्षकांचा घसा वाळला होता. पारूबाईंनी पंप हापसून तांब्या पुढं केला. त्यांनी तो संपवला, दुसरा मागितला.

"इथं भोक होतं ना?"

साळवे साहेब पुढं झाले. "होतं. हे त्याचंच पाणी. तोंड पंपानं बंद केलंय, भोवती ओटा बांधलाय."

निरीक्षकांनी ओट्याला पायानं ठोकून पाहिलं. रांगेकडे पाहिलं. "यात माणूस पडणार नाही, जनावर पडणार नाही. आणखी काय बुजवायचं?"

आम्ही जीपमध्ये सामान भरलं. गफूरभाईंनी गाडी चालू केली, तर पारूबाई समोर आडव्या. हातात परात, वर फडकं.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या. "पोहे हायती."