इंग्रजी पूर आणि आमचे गणपती

बस गं, अशी जवळ सरकून बस. दारात उभी राहून "बरी आहेस ना मावशी?" विचारायला तू काय जनगणनेला आलीस? किती महिन्यांनी उगवलीस ते मी काढत नाही, उगाच भांडण होईल. तो फोन ठेव बाजूला. इंग्रजी टीव्ही बघून मी अख्ख्या चाळीत गणपती कसे अडकवले, ते आज सांगते तुला.

मला इंग्रजी येत नाही, हे आधीच सांगून टाकते. येस, नो, थँक्यू आणि 'रिपोर्ट नॉर्मल', एवढ्यावर माझं इंग्रजी संपतं. पण केबल आली तेव्हापासून विलायतेच्या आणि अमेरिकेच्या मालिका मी सोडल्या नाहीत. आपल्या मालिकेत सून रडायला लागली की भाजी फोडणीला टाकून, शिजवून, उतरवून आलं तरी ती रडतेच आहे. तिकडचे लोक पटकन रडतात, नाक पुसतात आणि कामाला लागतात. विलायतेतल्या बायका तर घरात मुडदा पडला तरी आधी चहाचं आधण ठेवतात. (हे मला फार पटतं.) आणि भाषेवाचून अडतं कुठे? कोणाचं कोणाशी बिनसलंय ते तोंडावरच दिसतं. मी दुपारी बघायची आणि संध्याकाळी गॅलरीत बायकांना गोष्ट सांगायची. आमच्या शेजारच्या परबकाकी तर तांदूळ पाखडायचं सूप घेऊनच येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "टीव्हीपेक्षा तुझ्या तोंडून बरा वाटता गो. तू जाहिराती नाय दाखवत."

त्यात एक अमेरिकेची मालिका होती. धो धो पाऊस, माणसं चिंब भिजलेली, हातात बॅगा. आणि एक लांबलचक गॅलरी, ओळीने दारं, अगदी लालबागच्या आपल्या चाळीसारखी! प्रत्येक दार उघडतंय, भिजलेल्या माणसाला आत घेतंय, टॉवेल देतंय, कोणी गरम सूप देतंय. मी बायकांना सांगितलं, "पूर आलाय तिकडे. प्रत्येक घराने एकेक पूरग्रस्त वाटून घेतलाय. तू कोण, कुठला, कोणी विचारलं नाही." परबकाकींनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "गोरी असली तरी माणसांच ती."

आता तुझ्या काकांचं सांगते. संप झाला, गिरणीचं दार काही परत उघडलं नाही. साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून आयुष्य काढलेला माणूस घरी बसला की घरातल्या चमच्यांवर देखरेख करतो. तसं थोडे दिवस चाललं. मग हे गावाकडची विद्या आठवून शाडूच्या मातीला लागले. चाळीच्या अंगणात ताडपत्री बांधून गणपतीचा कारखाना काढला. तेवढ्यावर आमचं वर्ष निघायचं. आषाढ-श्रावणात अंगण मूर्तींनी भरलेलं असायचं. वाळत घातलेल्या, अर्ध्या रंगवलेल्या, डोळ्यांची आखणी राहिलेल्या. आणि कच्चा शाडू कसा असतो ठाऊक आहे ना? पाणी लागलं की सोंडेपासून सुरुवात करून परत मातीत जातो.

तर त्या वर्षी तो मोठा पाऊस आला. दुपारी मी मालिकेतच होते. परळकडून पाण्याचा लोंढा येतोय अशी ओरड झाली आणि खालून ह्यांचा आवाज आला, "अगो, गणपती जातंत माझे!"

गॅलरीतून बघते तर अंगणात पाणी शिरलेलं, हे मांडीभर पाण्यात, दोन्ही काखांत दोन गणपती, आणि तिसऱ्याला पोटाने टेकू दिलेला. आमचं वर्ष तिथे पाण्यात उभं होतं. माझ्या अंगात एकदम अमेरिका आली. मी वरून ओरडले, "जिन्यावर साखळी धरा! एकेका घराने एकेक घ्या! त्या मालिकेतल्यासारखं!"

पुरुषांना मालिका माहीत नव्हती, पण बायकांना तोंडपाठ होती. दारं उघडली. अंगणापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं उभी राहिली. गिरणीतले गडी ते, ओझं हातोहात कसं द्यायचं हे काय त्यांना शिकवायला हवं? गोणपाटात गुंडाळलेले गणपती पाटासकट वर यायला लागले.

पहिला गणपती आला तो माझ्याच दारात. घेऊन आले होते खालच्या मजल्यावरचे सावंतभाऊजी. आणि इथे माझा हात घसरला. अगं, गणपती दारात आला की आपण काय करतो? माझ्या हाताला वर्षानुवर्षांची सवय. मी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मांडीभर पाण्यातून आलेल्या त्या माणसाच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं!

सावंतभाऊजी म्हणाले, "वैनी, हे कमी पडलं होतं."

मागच्या बायकांनी ते बघितलं. मग काय, मजल्यामजल्यावर तांबे निघाले. भाकरतुकडे उडायला लागले. जिन्यावर पावसापेक्षा आमचंच पाणी जास्त. खालून हे ओरडले, "अगो, ह्या काय लगीनघर आसा? जिनो निसरडो केलास!" पण एकही मूर्ती पाण्यात राहिली नाही. सगळ्यात मोठी आमच्या खोलीत आली. उंच जागा एकच होती, ती म्हणजे टीव्ही. टीव्हीवरच बसवली तिला. गोणपाटातलं पाणी टपटप आत गेलं, आणि आतल्या गोऱ्या बाईने एक मोठा 'फट्ट' आवाज करून आमचा कायमचा निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. ह्यांनी अंगण धुऊन काढलं, ताडपत्री बांधली आणि पहिल्या दारावर गेले. ते दार परबकाकींचं.

"काकी, गणपती द्या."

"गणपती? तो खंय जाता? काल इलो, पायावर पाणी घातलंय, रात्री आरती केली, उकडीचे मोदक झाले. आता विसर्जन केल्याशिवाय जागचो हलवूचो नाय."

"विसर्जन?" ह्यांचा आवाज चिरकला. "काकी, मी ह्याला पाण्यातूनच काढलाय!"

"मग दीड दिवसांनी परत घालूया."

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढे तर आणखी अवघड, ते म्हणाले, "आमच्यात पाच दिवसांचा असतो." सगळ्यांची मनं साफ, हात जोडलेले, आणि सगळे मिळून आमचं वर्ष समुद्रात नेऊन बुडवायला निघालेले. हे खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "गिऱ्हाइकांना काय देऊ? पाट?" मग माझ्याकडे बघून हळूच, "पायावर पाणी कोणी घातलं पहिलं?"

मी टीव्हीकडे बघितलं. तो बिचारा काय सांगणार?

शेवटी मीच गेले काकींकडे. म्हटलं, "काकी, ह्याचे डोळे अजून काढलेले नाहीत. ह्याने तुमचं घर बघितलंच नाही. मग आला कसा म्हणायचा?"

काकी म्हणाल्या, "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आसा. म्हणून काय मी सासरी इलंय नाय?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. रडूच आलं मला, आपल्या मालिकेतल्यासारखं, न संपणारं. काकींनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "रडतंस कित्याक? विसर्जन केल्यावर बाप्पा जाता खंय?"

"गावाला," मी नाक पुसत म्हटलं.

"मग ह्याचा गाव खंयचा?"

मी गॅलरीतून खाली बोट दाखवलं. अंगणात ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होती.

काकी उठल्या. गणपतीच्या हातावर दही ठेवलं, नमस्कार केला आणि गॅलरीत येऊन सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "बाप्पा गावाक चललो गो!" दारादारांतून दह्याच्या वाट्या निघाल्या. पाच दिवसवाले सुद्धा आले, म्हणाले, "गावालाच जायचंय तर कशाला अडवा." टाळ वाजवत अख्खी चाळ जिना उतरली आणि गणपती अंगणात ताडपत्रीखाली नेऊन ठेवले. घोषणा कोणी सुरू केली माहीत नाही, पण सगळे ओरडले, "पुढच्या महिन्यात लवकर या!" हे हसले तेव्हा. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. एकदोन सोंडा डागडुजीला आल्या, एका उंदराचा कान गेला, बाकी सगळे गणपती वेळेवर आपापल्या घरी गेले.

गोष्ट इथेच संपवली असती. पण परवा सूनबाई मोबाईलवर जुनी मालिका बघत होती. मी डोकावले तर तोच पाऊस, तीच गॅलरी, त्याच बॅगा. म्हटलं, "अगं, ही तर पुराची गोष्ट! बघ कसं एकेकाला वाटून घेतात ते."

ती म्हणाली, "आई, पूर कुठला? हॉटेल आहे ते. लग्नाला आलेत सगळे. बाहेर जरा पाऊस लागला एवढंच."

परबकाकींना हे सांगू नकोस हं. त्या अजून अमेरिकेच्या माणुसकीची उदाहरणं देतात.

आता निघतेस तर निघ, पण पुढच्या खेपेला लवकर ये. फक्त दारात रेंगाळू नकोस, सरळ आत शीर. माझ्या हाताचा काही भरवसा नाही. सवयीने तुझ्या पायावर पाणी घातलं, तर दीड दिवस सोडणार नाही तुला.