मेलित्ताने विचारलेला प्रश्न

डेक्सिअस माझा मेहुणा. हातात काठी धरून ट्रॉयच्या लढाईचं महाकाव्य म्हणायचा. म्हणताना एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. शोकनाटकाचं मात्र त्याला भारी वावडं.

"मुखवटे घालून रडायचं? हे काय बाप्यांचं काम?"

एका वसंतात दिओनिसस देवाच्या जत्रेतली नाटकं बघायला मीच त्याला ओढून नेलं. टेकडीच्या उतारावर हरभरे चघळत तो टिंगल करत बसला होता. तेवढ्यात नाटकात निरोप्या आला. रणात राजपुत्र कसा पडला ते त्याच्या आईला, राणीला सांगू लागला. ना रथ दिसला, ना रक्त. तरी आजूबाजूची माणसं मुसमुसायला लागली.

"अरे, हे तर माझंच काम!" डेक्सिअस पुटपुटला. "मग माझ्या वेळी लोक जांभया का देतात?"

"तुझा आवाज बसलाय म्हणून."

"गप रे."

त्याला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तो आपणहून नाटकाला आला. परतताना मध्येच थबकला. "ती आई! लोक निरोप्याकडे बघतच नाहीत, ऐकणाऱ्या आईकडे बघतात. माझ्यापुढं कोण असतं?"

म्हणून अथेना देवीच्या उत्सवात, काव्यगायनाच्या स्पर्धेत, त्याने गर्दीतला एक चेहरा निवडला आणि पडलेल्या तरुण योद्ध्याची हकीकत त्या चेहऱ्याला सांगू लागला. ती होती कांदे विकणारी मेलित्ता. तिचा मुलगा दूर थ्रेसच्या मोहिमेत मारला गेला होता, त्याची हाडंही परत आली नव्हती. डेक्सिअसला हे ठाऊक नव्हतं.

ती उठून उभी राहिली. "त्याचे डोळे कुणी मिटले?"

काव्यात त्याचं उत्तर नाही. तिथं लढाई पुढे जाते. डेक्सिअस काठीवर रेलला. मग त्याच छंदात त्याने सांगितलं, एक सोबती गुडघ्यावर बसला, आपलं पांघरूण त्याच्यावर घातलं, हाताने डोळे मिटले. मेलित्ता खाली बसली.

पंचांनी त्याला स्पर्धेतून बाद केलं. "पदरच्या ओळी घुसडल्यास!" दुसरा गायक ओरडला.

"घुसडल्या," डेक्सिअस म्हणाला.

चार दिवसांनी तो तिच्या दारात गेला. "बाई, मी रचून सांगितलं, हे तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? बसा." आणि ती मुलाबद्दल सांगू लागली. शेळ्यांना भ्यायचा म्हणे, एवढा दांडगा असून.

"शेळ्यांना? का हो?" डेक्सिअसने विचारलं आणि उंबऱ्यावर मांडी घातली.