तीन किलोची वीट

दुसऱ्या मजल्यावर राउंडला येणारे डॉक्टर जिना संपला की आधी खाली बघत आणि केस सारखे करत. खाली म्हणजे फरशीकडे. त्या फरशीत तोंड दिसायचं, आणि जिच्यामुळे दिसायचं त्या बाईला अख्खा दवाखाना आरसेबाई म्हणायचा. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बिचारं तिथेच राहायचं.

सव्वीस वर्षं आरसेबाई ती फरशी पुसत होती. 'पुसते' म्हटलेलं तिला खपत नसे. पुसतं कुणीही, ती फरशी 'करायची'. सकाळी ओलं फडकं, मग कोरडं, आणि दर शनिवारी मेणाचं पॉलिश, गुडघ्यांवर बसून, वॉर्डांत आणि कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळ्या रबरी चपला घालून कुणी आलं की फरशीवर काळा ओरखडा उमटायचा आणि बाईच्या कपाळावर आठी. मोठ्या सर्जनलासुद्धा तिने एकदा जिन्यातच बूट बदलायला लावले होते. वर्षातून एकदा पाहणी व्हायची आणि सगळ्यात स्वच्छ मजल्याला ढाल मिळायची. ती अकरा वेळा दुसऱ्या मजल्यावर आली होती. त्यामुळे बाईचे पाय जमिनीवर नसतात, असं खालच्या मजल्यावरचे म्हणायचे. खरं असेलही. गुडघे मात्र कायम जमिनीवरच असायचे.

या आरसेबाईला एक थोरली जाऊ होती. दोघींची घरं समोरासमोर. दोन दारांमध्ये चार पावलांची जागा आणि त्या चार पावलांत तीस वर्षांची चुरस. थोरलीच्या तोंडून कधी कौतुक निघालं नाही. एकदा मात्र ती म्हणाली होती, की धाकटीच्या हातची फरशी दवाखान्यात चकाकते म्हणतात, घरच्यांच्या नशिबी काही ती नाही. हा शुद्ध टोमणा होता. पण आरसेबाईला त्यात मागणी ऐकू आली, आणि तिला मनातून फार बरं वाटलं.

थोरलीचा मुलगा तीन वर्षांनी घरी यायचा होता. त्याच्या आधीच्या रविवारी आरसेबाई पॉलिशचा डबा घेऊन समोरच्या घरात शिरली आणि बाहेरच्या खोलीला मेणाचे एक नाही, तीन हात दिले. थोरलीने दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "बरी झाली." थोरलीचं 'बरी' म्हणजे दुसऱ्या कुणाचं शाल-श्रीफळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बाहेर आलेली थोरली त्याच खोलीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. चक्कर आली, असं तिने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मानलं, आरसेबाईने तर सगळ्यांच्या आधी मानलं. सोयीची गोष्ट माणसाला पटकन पटते.

ऑपरेशन चांगलं झालं. हाड जुळलं. पण पाच आठवडे झाले तरी थोरली आपल्या जावेच्याच मजल्यावर, सात नंबरच्या खाटेवर. रोज सकाळी व्यायामाच्या सिस्टर वॉकर घेऊन यायच्या, थोरली खाटेच्या कडेला बसायची, चपलेतला पाय खाली सोडायची आणि फरशी बोटभर उरली की वर ओढून घ्यायची. म्हणायची, चक्कर येतेय. डोक्याचा फोटो झाला, कान तपासले, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. शेवटी डॉक्टरांनी आरसेबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की या पंधरवड्यात बाईंनी पाय टाकला नाही तर पुढे त्यांची खाट सुटणं कठीण आहे.

डॉक्टरांना जे दिसलं नव्हतं ते आरसेबाईला दिसलं. खाटेवर बसून शेजारणीच्या सुनेची चौकशी करताना थोरलीची मान चहूकडे फिरायची, तेव्हा चक्कर नव्हती. पाय खाली सोडला की तिची नजर फरशीवर जायची. फरशीतून दुसरी थोरली वर बघत असायची. तिथे चक्कर यायची.

मन खायला लागलं की माणूस शहाण्याला शोधतं. समोरच्या पुरुषांच्या वॉर्डात दाराशेजारच्या खाटेवर विज्ञानाचे एक निवृत्त मास्तर होते. गच्चीवरची टाकी बघायला म्हणून शिडी चढले आणि उतरताना सगळ्या पायऱ्या एकदम उतरले. आता एक पाय वजनाला टांगलेला आणि शिकवायला वर्ग नाही, त्यामुळे जीव अर्धा झालेला. आरसेबाईने फडकं पिळत पिळत, जणू सहजच, विचारलं, की फरशी घसरडी आहे की नाही हे बघून कळतं का.

"डोळ्यांना घर्षण दिसत नाही, बाई," मास्तर म्हणाले. "ते मोजावं लागतं."

आणि त्यांनी पडल्या पडल्या फर्मान काढलं. एक वीट आणायची. तिला जुन्या रबरी चपलेचा तळ चिकटवायचा, एका रुंद अंगाला आणि एका अरुंद अंगाला. एक दोरी, आणि भाजीवाल्यांकडे असतो तसा हुकाचा स्प्रिंगकाटा. वीट चपलांसकट बरोबर तीन किलो भरली. मास्तरांच्या खाटेसमोर, भर दुपारी, आरसेबाई वीट ओढायला बसली. बाकीच्या पेशंटांना वाटलं, बाईचं काहीतरी सरकलं. वीट मात्र पटकन सरकेना. काटा चढत गेला, सव्वा किलोला पोचला, मग वीट सुटली आणि काटा जरा खाली आला.

"सुटेपर्यंतच जास्त लागतं," मास्तर खूश होऊन म्हणाले. पुढे त्यांनी तेवढ्याच वजनाची दुसरी वीट आणवून पहिलीवर ठेवायला लावली. वजन दुप्पट झालं, ओढही दुप्पट. मग वरची वीट काढून खालची अरुंद अंगावर उभी करायला सांगितली. आरसेबाई म्हणाली, आता हलक्यात येणार, टेकायला जागाच कमी आहे. काटा जवळजवळ सव्वा किलोलाच थांबला. तिने तीनदा ओढून पाहिलं, काट्यालाही दोनदा झटकून पाहिलं. मास्तर म्हणाले, जगातली कुठलीही फरशी जवळून पाहिली तर डोंगर-दऱ्यांची असते. दोन वस्तू टेकतात त्या फक्त शेंड्या-शेंड्यांवर. वजन वाढलं की जास्त शेंडे दाबले जातात. पसारा मोठा असून उपयोग नाही.

शेवटी त्यांनी फरशीवर पेलाभर पाणी शिंपडायला सांगितलं. वीट अर्ध्या किलोत निघाली. आरसेबाईच्या हातातली दोरी सैल पडली. मग ती उठून सामानाच्या खोलीत गेली. तिथल्या फरशीला सव्वीस वर्षांत मेण लागलेलं नव्हतं. तिथे दोन किलोंवर काटा गेला तरी वीट ढिम्म, आणि पाणी टाकल्यावरसुद्धा दीड किलो.

"म्हणजे चकाकतं ते घसरतं," ती परत येऊन म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"छे. अगदी सपाट घासलेल्या दोन काचा एकमेकींवर ठेवा, सुटता सुटत नाहीत. दोष मेणाचा आणि पाण्याचा. चमक आणि घसरण या काही सख्ख्या बहिणी नव्हेत, बाई. जावा-जावा आहेत. एका घरात दिसतात एवढंच."

मास्तर स्वतःच्या विनोदावर हसले. आरसेबाई हसली नाही. ती त्या संध्याकाळी पिशवीत वीट घालून घरी गेली आणि, सुट्टी संपून मुलगा परत गेल्यापासून तिच्याकडेच असलेल्या किल्लीने, समोरचं दार उघडलं. थोरलीच्या बाहेरच्या खोलीत, न्हाणीघरापासून तीन पावलांवर, तिने फरशी ओली केली आणि दोरी ओढली. काटा अर्ध्या किलोलाही पोचला नाही. पायाखालची जमीन सरकणं ती आजवर नुसतं म्हणत आली होती. आज तिने ते किलोत पाहिलं. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात सामसूम असताना ती सात नंबरच्या खाटेशी उभी राहिली. काय बोलायचं ते जिन्यात दहा वेळा घोकलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं उलटसुलट निघालं: वीट, मेण, अर्धा किलो, रविवार. थोरलीने सगळं ऐकून घेतलं.

"चक्कर नव्हती, जाऊबाई. माझं मेण होतं," आरसेबाई म्हणाली.

"मला काय माहीत नाही? पडले मी का तू?"

"मग बोलला का नाहीत?"

थोरलीने पायावरची चादर सारखी केली. "तीस वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या घरात गुडघे टेकून काहीतरी मनापासून केलंस. त्याच्यावरच पाय घसरून पडले, हे मुलासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं होतं? चक्कर बरी. चक्कर आल्याचं कुणाला वाईट वाटत नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "पण आता खाली बघितलं ना, की तीच फरशी दिसते गं. पाय टेकतच नाही."

एकदा दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तिथे समोर पुन्हा दूधच ठेवलेलं. हा मूर्खपणा सव्वीस वर्षं आपण ढाल घेऊन मिरवला, असं आरसेबाईला वाटलं. तिने मोठ्या सिस्टरना गाठलं. पाहणी नऊ दिवसांवर आलेली, आणि ही बाई म्हणते फरशीचं मेण काढायचं. सिस्टरना आधी वाटलं, हिला बरं नाही. मग आरसेबाईने त्यांच्याच हातात दोरी दिली आणि फरशीवर पाणी शिंपडलं. वीट सुळकन आली. सिस्टर स्वतःच्या चपलांकडे बघायला लागल्या आणि हो म्हणाल्या.

तीन दिवस लागले. गरम पाणी, सोडा, ताठ ब्रश. शनिवारनंतर शनिवार थरावर थर चढलेलं मेण पिवळं होऊन बादलीत येत होतं. चौथ्या दिवशी फरशी कोरडी झाली आणि प्रत्येकाला म्हातारी झाल्यासारखी वाटली. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सवयीने खाली पाहिलं आणि केसांवरून हात फिरवता फिरवता थांबवला.

व्यायामाच्या सिस्टर वॉकर घेऊन आल्या. थोरली कडेला बसली, पाय सोडला आणि बोटभर वर थांबली. खालून कुणी वर बघत नव्हतं. तरीही पाय टेकेना.

"ती वीट कुठाय?" तिने विचारलं.

आरसेबाईने वीट खाटेपाशी ठेवली, भोवती मुद्दाम पाणी शिंपडलं आणि काटा थोरलीच्या हातात दिला. थोरलीने ओढलं. वीट हलली नाही. तिने दुसरा हात लावला. काटा किलोच्या पुढे गेला, सव्वा किलोच्याही पुढे गेला, आणि वीट आपली तिथेच.

"धरतेय गं," थोरली म्हणाली.

"धरणारच. दीड किलोपर्यंत सोडत नाही. आणि तुम्ही काही विटेएवढ्या हलक्या नाही. जितकं वजन टाकाल तितकी जास्त धरेल."

"तू मला जाड म्हणालीस," असं म्हणत थोरलीने पाणी पुसलं जाण्याची वाट बघितली, वॉकर धरला आणि पाय टेकला. सगळ्या वजनासकट टेकला. ओठ दाबून ती दाराशी गेली, मग दारातून बाहेर. समोरच्या खाटेवरून मास्तरांनी, वर्गात कुणी बरोबर उत्तर दिल्यावर म्हणावं तसं, "शाबास" म्हटलं. थोरलीचा दुखरा पाय दर पावलाला जरासा फरफटत होता. आरसेबाई मागून चालत होती, हात पुढे धरून, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

ढाल त्या वर्षी तळमजल्याला गेली. पण ते पुढे. त्या दुपारी थोरलीला खाटेवर पोचवून मोठ्या सिस्टर बाहेर आल्या तेव्हा आरसेबाई कॉरिडॉरमध्ये फडकं घेऊन उभी होती आणि फरशीवर, खाटेपासून जिन्याच्या अलीकडेपर्यंत, रबरी चपलेचे काळे ओरखडे होते. सिस्टर म्हणाल्या, बाई, हे पुसायचे राहिले.

"राहू द्या," आरसेबाई म्हणाली. "आधी मोजते."

अठरा होते. दुसऱ्या दिवशी एकतीस झाले.